मगरीच्या पोटातून

सिनेमात मी आहे, पण दिसत नाही.
मध्यंतरानंतर कुंभारजुव्याच्या कालव्यातून
जी मगर वर येते, तिच्या पोटात मी होतो,
दिवसाला आठशे रुपये, जेवण वेगळं.

फोम, फेव्हिकॉल, मोडक्या छत्रीच्या काड्या,
जबडा उघडायला सायकलचा ब्रेक.
आमच्या भागात पौषात बांधावर मातीची मगर थापतात,
पाठीवर शिंपल्यांचे खवले लावून,
म्हणजे खरी आपल्या वाटेने जाते.
फोमची पाहून आई म्हणाली,
हिलाही वाहा रे एक फूल. उगाच कशाला.

नायक: कप्तान बाल्तझार प्रभुगावकर.
एका डोळ्यावर भिंग, चांदीच्या मुठीची काठी,
मेण लावलेल्या मिशा. सांतस्तेवच्या उन्हात
अकरा वाजेपर्यंत डावी मिशी सहावर यायची.
दरोडेखोर बंदुका रोखून उभे,
आणि हा विचारणार, चहा आधी की दूध आधी.
कड्यावरून पडताना टोपी सावरणार.
बाईला सोडवायला तलवार उपसून धावणार,
तोवर बाईने तिघांना लोळवलेलं.
"बाईसाहेब, एखादा तरी माझ्यासाठी..."

माझ्या सीनमध्ये तो होडीत उभा राहतो,
माझ्या घशात वाकून बघतो, टोपी काढतो:
"क्षमा असावी. आपली रीतसर ओळख झालेली नाही.
अनोळखी प्राण्याशी मी लढत नाही."
अठरा टेक.
बाराव्याला मला हसू फुटलं
आणि शेपटापर्यंत मगर गदगदली.
सानिका, आमची डायरेक्टर, फोंड्याची पोर,
पाण्यात उडी मारून ओरडली, हाच ठेवा!

पांढरा सूट आलेशुबाबांचा.
आलेशु मिनेझीस, वय ब्याऐंशी, लग्न नाही,
बस थांबली की आधी टोपी काढून
ड्रायव्हरचं, मग कंडक्टरचं कुशल विचारतात
आणि बस निघून जाते.
भाडं घेतलं नाही. अट एकच घातली:
या सुटाच्या खिशात कुणी हात घालायचा नाही.
सभ्य माणूस खिशात हात घालून उभा राहत नसतो.
डांबरगोळ्यांचा वास इतका
की मला मगरीच्या आत शिंका यायच्या.

मार्चात फुटबॉलच्या मैदानावर पडदा लावला.
भेंडी विकून आलेल्या बायका टोपल्यांसकट बसल्या.
पडद्यावर टोपी उचलली गेली
की सगळं मैदान वळून
पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे बघायचं.
आलेशुबाब टोपी मांडीवर घेऊन बसलेले,
मागच्यांना दिसावं म्हणून.
हसत होते, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर,
रांगेत आपला नंबर आल्यासारखे.

संपल्यावर मला शोधत आले.
मला! मगरीला!
म्हणाले, काम उत्तम. पण पुरसो, त्या पोराने
टोपी उजव्या हाताने काढली.
डाव्या हाताने काढायची. उजवा मोकळा हवा.
समोरच्याने हात पुढे केला तर?

मी म्हटलं, पात्रांव, समोर मगर आहे.
म्हणाले, मग काय झालं?

त्यांना सोडायला बांधावरून निघालो.
मानशीपाशी पाण्यात काहीतरी सरकलं.
ओंडका असेल. भरतीला येतात.
बॅटरी माझ्या हातात होती
आणि उजेड पाण्यावर कापत होता.
आलेशुबाब थांबले.
डाव्या हाताने टोपी काढली,
उजवा पुढे केला नाही, तेवढं भान होतं.
पूर्ण नाव सांगितलं, आईच्या आडनावासकट,
वाडा सांगितला, आणि थांबले,
पलीकडून कुणी आपलं सांगतं का म्हणून.

मैदान याच जागी गडगडाटी हसलं होतं.
मला हसू आलं नाही.
पहिल्यांदाच मी त्या पोटाच्या बाहेर होतो.